एकोणीस

दिल्लीतल्या एका विद्यापीठात दर महिन्याला कॉम्प्युटर सायन्सवर जाहीर व्याख्यान असतं. प्रवेश सर्वांना खुला. मी नोएडाहून मेट्रोनं जातो आणि शेवटच्या रांगेत बसतो. सरकारी नोकरीत माझं टाइपरायटरशी कधी जमलं नाही, तिथं अल्गोरिदम काय डोंबल कळणार! पण दीड तास कुणीतरी समोर उभं राहून बोलतं, तेवढ्यावर माझं भागतं.

बायको गेली आणि तिच्याबरोबर माझी मराठी गेली. पस्तीस वर्षं आमचा एकच नियम होता, दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. आत आता मी एकटा. स्वतःशी भांडून भांडून माणूस किती भांडणार?

गेल्या महिन्यात बंगळूरहून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. आडनावावरून काही पत्ता लागत नव्हता, बोलणं सगळं इंग्रजीत. फळ्यावर चौकटी काढून त्या बोटानं मोजायला लागल्या आणि कॉलरचा माइक चालूच राहिला. ‘सतरा, अठरा, एकोणीस, वीस.’

हिंदीवाला उन्नीस म्हणाला असता. शिकवावं कुठल्याही भाषेत, माणूस मोजतो आपल्याच. पुढचं व्याख्यान डोक्यावरून गेलं, तसं ते एरवीही जातंच. मी एक वाक्य जुळवत बसलो होतो. ‘बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?’

पोरांचा घोळका पांगल्यावर मी पुढं झालो.

“मॅडम, बहुत अच्छा समझाया आपने.”

तोंड उघडलं आणि हिंदीच बाहेर पडली. घराबाहेर होतो ना.

“थँक यू, अंकलजी. आप पास में ही रहते हैं?”

“नहीं जी, नोएडा में.”

मग मेट्रोची गर्दी, माझे गुडघे, दिल्लीची हवा. प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता वळावं मराठीकडे. पण जितका उशीर होत गेला तितकी जास्त लाज वाटायला लागली, आधी का नाही बोललात असं त्या विचारतील म्हणून. तेवढ्यात त्यांची गाडी आली. दोन मराठी माणसं पाच मिनिटं हिंदीत बोलली आणि त्यातल्या एकीला ते कळलंच नाही.

परतताना मेट्रोत ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं. शेजारचे गृहस्थ वळले.

“जी? मुझसे कुछ कहा?”

“नहीं जी,” मी म्हणालो, “किसी से नहीं.”