मीनलला घेऊन होडीने ठाण्याला

डोंबिवलीहून ठाण्याला होडीने गेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आगगाडीचा अर्ध्या तासाचा रस्ता सोडून रेतीबंदराला जायचं, खाडी ओलांडून माणकोलीच्या बाजूला उतरायचं, तिथून चालत हमरस्ता गाठून एसटी पकडायची, असा द्राविडी प्राणायाम कोण कशाला करेल? आम्ही केला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. थंडीचे दिवस होते. मानपाड्याच्या कारखान्यातून मी रजा घेतली होती आणि माझ्याबरोबर माझी अकरा वर्षांची मुलगी मीनल होती.

आगगाडी तिला चालत नव्हती. म्हणजे डब्यातली दांडी, बाक, माणसांचा धक्का, काहीच चालत नव्हतं; होडीत आणि एसटीत निदान कागद पसरून बसता येणार होतं. वर्षभरापासून ती हात धूत होती. सुरुवातीला जेवणाआधी तीनदा, मग दाराची कडी लावली की, वही उघडली की, कुणी जवळून गेलं की. हात इतके फुटले होते की पेन धरताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि आमच्या कोपर रोडच्या बिल्डिंगला नळ यायचा पहाटे पाऊण तास! तिघांचं दिवसभराचं पिंप मीनल दुपारपर्यंत एकटी रिकामं करायची. शेजारी विचारू लागले तेव्हा मी सांगून टाकलं, "कातडीचा विकार आहे, डॉक्टरांनी सारखं धुवायला सांगितलंय." त्यानंतर रोज पहाटे प्रत्येक घरातून एकेक भरलेली बादली आमच्या दाराशी येऊ लागली. समोरच्या नेनेकाकू तर दोन कळशा द्यायच्या आणि स्वतःचे कपडे एक दिवसाआड धुवायच्या. मला अगदी गहिवरून यायचं.

उपाय काही कमी केले नाहीत. कल्याणला कातडीचे डॉक्टर झाले, त्यांनी मलम दिलं. मोहन्याकडचा एक भगत झाला. मला प्रश्न विचारायची खोड आहे, त्यामुळे मी त्याला तासभर सोडलं नाही. शेवटी कंटाळून त्याने सात विहिरींच्या पाण्याने आंघोळ सांगितली. सात विहिरी हुडकत मी दोन रविवार सायकलवर फिरलो. मजाही वाटली. पण ती आंघोळ झाल्यावर मीनलने पिंपातलं आठवं पाणी घेऊन हात धुतले.

मग एकदा तिच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "ठाण्याला तलावाजवळ एक डॉक्टरबाई दर बुधवारी फक्त मुलांना तपासतात. मनाच्या डॉक्टर आहेत." मनाचा डॉक्टर, आणि तोही ठाण्याला! ठाण्यात वेड्यांचं मोठं इस्पितळ असल्यामुळे आमच्याकडे 'याला ठाण्याला पोचवा' ही रोजची थट्टा. माझी बायको सुधा म्हणाली, "शेजारी सांगू, दात दाखवायला नेताय म्हणून." ती स्वतः शिक्षिका, तिला त्या दिवशी शाळेतून सुटका नव्हती. म्हणून मी एकटाच निघालो. एका हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, खांद्याच्या पिशवीत साबण, टॉवेल आणि बसायच्या जागी पसरायला आठवड्याची वर्तमानपत्रं.

रेतीबंदराला होडी अगदी दगडी पायरीला लागलेली होती. मीनल पायरीवरून होडीत आणि होडीतून वर्तमानपत्रावर अशी अलगद जाऊन बसली. नाखवा (होडीवाला) साठीचा असेल, कानात भिकबाळीएवढी सोन्याची कडी.

"कुनीकरं चाललाव?" त्याने विचारलं.

"ठाण्याला."

"कं, गाडी बंद परली?"

मी हसून विषय बदलला आणि माझ्या स्वभावाप्रमाणे चौकशीला लागलो. होडी कुठल्या लाकडाची, खाडीला मासळी किती उरली, पाणी चढतं कसं, उतरतं कसं. तो वल्ही मारता मारता सांगत होता. "आता पानी भरलंय म्हनून होडी पायरीला. तुमी दुपारशी याल तवा सुकती (ओहोटी) असंल. मंग या अंगाला चिखलान उतराला लागतं." ही माहिती मी मोठ्या आवडीने ऐकली, 'सुकती' हा शब्द खिशातल्या डायरीत टिपला आणि आपल्याबरोबर मीनल आहे हे साफ विसरलो.

खाडी सकाळी फार सुंदर दिसते, हे डोंबिवलीत दहा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. दोन्ही काठांना तिवरांची गच्च हिरवी रांग, त्यावर बगळे. मधोमध रेतीच्या होड्या उभ्या होत्या. माणसं हातात बादली घेऊन बुडी मारत आणि तळाची रेती भरून वर येत. मीनल हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"बाबा, त्यांच्या तोंडात चिखल जात असेल ना?"

"जातच असेल."

"मग त्यांच्या घरचं कुणी आजारी नाही पडत?"

मी हा प्रश्न तसाच नाखव्याला विचारला. तो म्हणाला, "परतान की. समदीच परतान, चिखल खावा नाय तं नको खावा." मला ते उत्तर आवडलं. मीनलला आवडलं नसावं, कारण तिने लगेच कॅनकडे बोट दाखवलं.

माणकोलीच्या बाजूला पात्र खोल आहे, तिथे चांगला धक्का आहे. पुढे दोन्ही बाजूंना वालाची शेतं. एक म्हातारी रस्त्याकडेला शेंगा सोलत बसली होती. तिने मीनलपुढे ओंजळभर वाल धरले, "घे बाय, कवले हायती." मीनलने हात पाठीमागे नेले. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "लाजते पोर," आणि दाणे माझ्या खिशात ओतले. नाक्यावर मी गरम भजी आणि चहा घेतला. मीनलने घरून आणलेली पोळी चमच्याने तुकडे करून खाल्ली.

एसटीत फजिती झाली. एका खड्ड्यात कॅनचं झाकण उडालं आणि उरलेलं सगळं पाणी थेट कंडक्टरच्या बुटांवर. "काय राव, घरचा नळ सोबत घेऊन निघालात काय?" तो म्हणाला, आणि सगळी बस हसली. मीनल हसली नाही. ठाण्याला उतरेपर्यंत तिचा श्वास आखूड झाला होता, ओठ पांढरे पडले होते. मी समोरच्या उडप्याच्या हॉटेलात धावलो. "पोरीला उलटी झालीय, जरा पाणी देता?" त्याने जग भरून दिला. तलावापर्यंतच्या रस्त्यात आणखी एका दुकानात हीच उलटी पुन्हा झाली.

डॉक्टरबाई पहिल्या मजल्यावर एका साध्या खोलीत बसत. पन्नाशीच्या, जाड चष्मा, सुती साडी. पांढरा कोट नाही, नळी नाही, यानेच मी थोडा चक्रावलो. कोपऱ्यात ठेंगणी स्टुलं, रंगीत खडू, मातीची खेळणी. माझ्या मनात पन्नास प्रश्न तयार होते, पण बाई माझ्याहून वस्ताद निघाल्या. सगळे त्याच विचारू लागल्या. आधी मला.

"इतकं पाणी येतं कुठून?"

मी अभिमानाने बिल्डिंगची सगळी कहाणी सांगितली. बादल्या, कळशा, नेनेकाकूंचे एक दिवसाआडचे कपडे. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि काय सांगून मागता?"

मी सांगितलं. शेजाऱ्यांना कातडी. आज घरून निघताना दात. हॉटेलात उलटी. एकापाठोपाठ एक सांगताना मला माझीच लाज वाटली.

मग त्या मीनलकडे वळल्या. खुर्ची सोडून तिच्यासमोर ठेंगण्या स्टुलावर बसल्या. "मीनल, हात नाही धुतले तर काय होईल, असं वाटतं तुला?"

मीनलने आपल्या फुटलेल्या हातांकडे बघितलं. खालून टांग्याच्या घंटा ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, "आई मरेल."

मग बाईंनी विचारत विचारत एकेक काढून घेतलं. आदल्या वर्षी सुधाला टायफॉइड झाला होता. इस्पितळात एका नर्सने मीनलला सहज सांगितलं होतं, हात धुतल्याशिवाय आईजवळ जायचं नाही हं. मीनलने धुतले. एकदा धुऊन भरवसा वाटेना म्हणून तीनदा धुतले. सुधा बरी झाली. तेव्हापासून ती धूतच होती, आणि आईला बाधा नको म्हणून वर्षभरात तिने सुधाला एकदाही हात लावला नव्हता. हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आम्हाला वाटलं, मुलगी मोठी होतेय.

"म्हणजे वर्षभर आईला जिवंत ठेवायचं काम तू एकटी करते आहेस," बाई म्हणाल्या. "दमली असशील गं."

मीनल रडायला लागली. मीही रडलो. ज्याने भगताला तास तास छळलं, नाखव्याला होडीचं लाकूड विचारलं, त्याने आपल्या पोरीला हा एक प्रश्न वर्षभरात विचारला नव्हता. मी फक्त पाणी भरत राहिलो होतो.

बाईंनी समजावून सांगितलं. हा आजार आहे, ओळखीचा आहे, उपचार आहेत, वेळ लागेल. गोळ्या लिहून दिल्या, पुढचा बुधवार दिला. "धुतलं की तिला घटकाभर बरं वाटतं, पण भीती खरी होती असंही वाटतं. म्हणून धुणं हळूहळू लांबवायचं. आज एकच करा. घरी गेल्यावर अर्धा तास थांबायचं, तुम्ही शेजारी बसायचं. ती थांबेल, तुम्ही जबरदस्ती करायची नाही. आणि शेजाऱ्यांचं पाणी बंद करा. खरं काय ते सांगून." यातलं शेवटचं मला सगळ्यांत कठीण वाटलं.

परतीला कॅन रिकामाच होता. होडीत बसेपर्यंत सगळं निभावलं. आणि आमच्या काठाजवळ आल्यावर मला सकाळची डायरीतली नोंद आठवली. पायऱ्या दूर राहिल्या होत्या. मधे पन्नासेक पावलांचा काळा, चकाकता चिखल. इतर उतारू चपला हातात घेऊन पटापट उतरले. मीही उतरलो, पोटऱ्यांपर्यंत रुतलो आणि सवयीने मीनलला उचलायला हात पुढे केले. मग थांबलो.

"बाबा, उचला ना," ती म्हणाली.

मला काय करावं ते कळेना. आज फक्त अर्धा तास ठरला होता, चिखल नव्हता ठरला.

नाखवा मागून ओरडला, "अरं उचल ना पोरीला! कसला बापूस हाय तू!"

"उचलतो," मी तिला म्हटलं. "म्हणशील तर आत्ता उचलतो. पण थोडं थांबू या का?"

ती होडीच्या कडेवर बसून खाली बघत राहिली. मग तिने विचारलं, "आई किती वाजता येते?"

"साडेपाचला."

तिने एक पाय सोडला. मग दुसरा. तोल गेला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात गेले. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला आजही आठवतो. मी हात दिला, पण उचललं नाही. नाखवा वल्हं रोवून होडी स्थिर धरून राहिला.

घराच्या जिन्यात पोचलो तर नेनेकाकू दारातच. "अगं बाई, हे काय! थांब, बादली आणते. आणि दात काढला का?"

मी म्हटलं, "काकू, दात नव्हता." आणि तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. कातडीचं खोटं, ठाण्याचे डॉक्टर, आता पाणी का नको ते. काकू ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायला काय झालं होतं? आम्ही परके?" रागाने आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण दोन मिनिटांनी त्या तांदळाचं ताट घेऊन आल्या आणि मीनलच्या पलीकडे बसून खडे निवडू लागल्या.

पुढे दोन वर्षं बुधवार चालले. दुसऱ्याच पहाटे मीनल पुन्हा नळाशी उभी होती, हेही सांगायला हवं. चढउतार पुष्कळ झाले. पण होडी आम्ही सोडली नाही, आणि सुकती कधी आहे हे नाखव्याला पुढे तीच विचारायची. मी खूप फिरलो, हिमालयातही जाऊन आलो, पण त्या जिन्यातल्या दीड तासाएवढा लांबचा प्रवास मला कुठे घडला नाही.

त्या दिवशी अर्धा तास झाल्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई येईपर्यंत थांबते." हातांवरचा चिखल वाळून पांढरा झाला, त्याला भेगा पडल्या. दर थोड्या वेळाने ती किती वाजले विचारायची. पाच झाले. साडेपाच झाले. पावणेसहा झाले तेव्हा काकूंचेही हात ताटात थांबले.

मग खाली सुधाच्या चपलांचा आवाज आला. ती खांद्याला पिशवी, हातात वह्यांचा गठ्ठा अशी वर आली आणि आम्हा तिघांना बघून म्हणाली, "हे काय? इथे का बसलात सगळे?"

मीनल उठली. आईकडे पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. मग चिखलाचा हात पुढे करून तिने सुधाचं मनगट धरलं.