झर खाणीत गेली तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून काही वर्षं झाली होती. पणजीच्या एका कचेरीत मी गावांचे जुने नकाशे संगणकात भरायचे. कागद टेबलावर पसरायचा, आधी त्याचे चार कोपरे संगणकाला दाखवायचे, म्हणजे अख्खा नकाशा आपल्या जागी बसतो, मग रेघा गिरवायच्या. मी पेडण्याची. शेजारच्या टेबलावर शिवाप्पा, बेळगावकडचा, रोजंदारीवर. एकदा त्याला खाणीच्या जीपमधून उतरताना बघितलं आणि तेव्हापासून — तो नुसता हसला तरी मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. फोनवर कानडीत बोलायला लागला की मी काम थांबवून कान द्यायचे. एक शब्द कळत नव्हता, तरी!

मग डिचोलीतल्या एका गावची झर, म्हणजे पाण्याचा झरा, आमच्या पडद्यावर खाणीच्या हद्दीत गेलेली निघाली. त्या पाण्यावर गावची सगळी माडा-पोफळींची कुळागरं. लोक कचेरीत आले. एक म्हातारा ओरडला, "आमची झर कोणी विकली?"

सायबांनी मला आत बोलावलं. "तुझ्या मशीनवर दुसरं कोण बसलेलं?"

काय बघितलं होतं मी? काहीच नाही.

"शिवाप्पा," मी म्हटलं. "जेवणाच्या सुट्टीत. मी बघितलं."

मला वाटत होतं, तोच असणार — पण वाटणं म्हणजे बघणं नव्हे, एवढं कळत होतं मला. त्याला लगेच काढलं. त्याची बायको पोटुशी होती, तेही ठाऊक होतं. जाताना तो माझ्यापाशी थांबला. "बाई, तुम्ही खरंच बघितलं मला?"

मी पुढची रेघ गिरवायला घेतली.

नकाशा दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. कोपरे तपासले. एक कोपरा चुकीच्या जागी दाखवलेला होता. मीच दाखवलेला, पहिल्याच दिवशी. कुणी मुद्दाम केलं असतं तर एकटी झर हलली असती. इथे देऊळ, वाट, ओहोळ — अख्खं गावच सरकलं होतं.

कोपरा नीट केला. झर गावात आली.

"काय करून ठेवलेलं त्यानं?" सायबांनी विचारलं.

"झर सरकवलेली," मी म्हटलं.

पहिल्यांदा बोलले तेव्हा निदान संशय तरी होता. दुसऱ्यांदा? तोही नव्हता. गावकऱ्यांनी मला फणस आणून दिला. मी घरी नेला, खाल्ला.

पुढे कधीतरी वास्कोच्या बसस्टँडवर शिवाप्पा दिसला. अंगावर सिमेंटची पूड, हातात घमेलं. त्यानंच ओळखलं.

"बऱ्या आहात ना, बाई?"

"बरी आहे," मी म्हटलं, आणि बसमध्ये चढले.