दहा, सतरा आणि माझी गणपतीची रजा

ट्रकवाल्यांकडे कॉम्प्युटरची नोकरी धरली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आणि डोक्यातही जातात!

उरणजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी एकटा कॉम्प्युटरवाला. गाड्यांच्या सगळ्या नोंदी डेटाबेसमध्ये, आणि त्याचं व्हर्जन दहा. बनवणाऱ्यांनीही त्याच्याकडे बघणं केव्हाच सोडलेलं. ते अधूनमधून बंद पडायचं आणि मला सुट्टीवरून बोलावणं यायचं. यंदा गणपतीआधी नवं टाकलं नाही, तर मुरूडला घरी जाणं विसरायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

*

शेठना सांगितलं, सगळ्यात नवं अठरा आहे. शेठ मूळचे ड्रायव्हर, जगातली प्रत्येक गोष्ट गाडीवरून ठरवतात. "नव्या मॉडेलची पयली गाडी आपण कदी घेतली हाय काय?" मी मुकाट सतरावर उतरलो.

*

मग किंमत विचारली. फुकट आहे म्हटल्यावर शेठचा चेहराच पडला. फुकट म्हणजे नक्की ॲक्सिडेंटची असणार, म्हणून त्यांनी मॅनेजर पाटीलकाकांना चौकशीला लावलं. काकांनी फोन केला गॅरेजवाल्याला. मी समोर बसलेलो असताना!

*

मीटिंग झाली. शेठनी जुन्या गाडीचा करतात तसा सौदा केला. आपलं दहा, तू मागतोस सतरा, साडेतेरावर मिटव. साडेतेरा नसतं म्हटलं, तर म्हणाले, "मग चौदा. अर्धा माझ्याकडून." चौदाकडेही बनवणारे या दिवाळीच्या आसपास बघणं सोडणार, हे मी घसा फोडून सांगितलं. पाटीलकाका म्हणाले, शेठनी अर्धा सोडलाय, आता ताणू नकोस.

*

चौदा की सतरा, या ओढाताणीत काहीच टाकलं गेलं नाही, आणि श्रावणात दहा नंबरने मान टाकली. गेटवर गाड्यांची रांग, ड्रायव्हर बोंबलतायत. शेठ सगळ्यांदेखत माझ्यावरच ओरडले, की याला कधीपासून सांगतोय नवीन टाक, हा ऐकतच न्हाय.

*

रविवारी मी कुणालाही न विचारता सतरा टाकलं. सोमवारी सगळं सुरळीत. शेठनी मशीनपुढे नारळ फोडला, मला पेढा भरवला. तोंडात पेढा असतानाच मी रजेचा अर्ज पुढे केला.

शेठनी तो वाचून परत दिला. "नवी गाडी हाय. पयली सर्व्हिसिंग होईस्तोवर मेकॅनिकला कोण सोडतो काय?"