नटवलेली मोटार

महालिंगप्पाला मोटार चालवता येत नव्हती, तरी लोहाऱ्यात तो मोटारवाला म्हणूनच छाती काढून फिरे. एका जहागीरदाराची मोडकी मोटार त्यानं घेतली. टप कापून मागं उतारूंसाठी लाकडी बाकडी ठोकली गेली, आणि लढाईपायी पेट्रोल मिळेना तेव्हा पाठीला कोळशाच्या वायूवर मोटार चालवणारा बंब जोडला गेला. हे सगळं केलं धाकट्या भावानं, धुळाप्पानं. थोरला सावलीत पान चघळत नुसता म्हणायचा, "जरा डावीकडं."

आता भावांची वाटणी निघाली. एका वाट्याला मोटार, दुसऱ्याला विहिरीचा मळा. रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. धुळाप्पाचा मोटारीवर जीव, तो तीच उचलणार, मळा आपला, असा थोरल्याचा हिशेब. मात्र मोटारीची किंमत कमी भरली, तर निम्मा मळा मोटारीच्या वाट्यात टाकावा लागणार होता. किंमत ठरवायला पंचांनी सोलापूरहून बाबामियाँ मिस्त्रीला बोलावलं.

मग महालिंगप्पानं मोटारीचा शृंगार मांडला. गंजावर हिरवा रंग थापला. बंबाच्या चिरेत गूळ-चुना भरला. फाटक्या गादीवर बायकोचं इरकल लुगडं शिवलं.

"अवो, माज्या लग्नातलं हाय ते!" चन्नम्मा म्हणाली.

"मग? मोटारीचं बी लगीनच हाय."

शेवटी रेडिएटरवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. पट्ट्यांखाली गळकी जागा होती. असल्या माणसाच्या घरी देवालाही ठिगळाचंच काम मिळतं.

बाबामियाँ मोटारीभोवती फिरला. "शेठ, ये मोटर है के दुल्हन?" पंच खदखदून हसले. त्याचा हात पट्ट्यांपाशी गेला आणि थांबला. "देव का निशान है, मैं नै पोंछता." मग तो धुळाप्पाकडं वळला. "चलानेवाला तू. बोल, कैसी है?"

"मळ्याच्या तोडीची हाय," धुळाप्पा खाली बघत म्हणाला.

महालिंगप्पाचा चेहरा तुपानं माखल्यासारखा झाला.

बाबामियाँनं धुळाप्पाकडं जरा रोखून पाहिलं. "चलानेवाला राजी, तो मेरा क्या जाता? बराबर है."

"ठरलं," पंच म्हणाले. "धुळाप्पा, उचल."

धुळाप्पाला खोकला आला. बंबाच्या धुरानं दिलेला तो जुना खोकला. थोरल्याला तो कधी ऐकू आला नव्हता. तो ओसरल्यावर धुळाप्पा म्हणाला, "मळा."

"आरं, तुजा जीव हाय की मोटारीवर!"

"कोन म्हनलं, अण्णा? मला इचारलं व्हतं का?"

सकाळी बंबाच्या चिरेला मुंगळ्यांची रांग लागली होती. महालिंगप्पा चालकाच्या जागेवर चाक धरून बसला होता. उतारू बाकड्यांवर येऊन बसले, वाट पाहून शिव्या देत उतरले. मग चन्नम्मा कात्री घेऊन आली आणि गादीची शिवण उसवू लागली. लुगड्याचा पदर नेमका नवऱ्याच्या बुडाखाली अडकला होता.

"जरा डावीकडं सरा," ती म्हणाली.