मरोद्याच्या खड्ड्यातली थोरली

मेगरचा काटा शून्यावरून हलला नाही. मी हँडल परत फिरवलं. काटा तिथंच.

"काय म्हणते?" वरून गजभिये ऑपरेटरनं विचारलं.

"काही म्हणत नाही. शून्य."

मी चिखलात पाठीवर पडलो होतो. छातीच्या वर वीतभर अंतरावर थोरलीचं, म्हणजे आमच्या खोदायच्या मशीनचं, पोट होतं. तिच्या प्रोपेल मोटरीतून गढूळ पाणी अजूनही गळत होतं, थेट माझ्या कानात.

मेगर म्हणजे हातानं फिरवायची एक पेटी. मोटरीच्या तांब्याच्या तारांवर जे आवरण असतं ते धड आहे की नाही, हे तिचा काटा सांगतो. काटा वर गेला तर आवरण शाबूत. शून्यावर राहिला तर मोटरीत पाणी. अशा मोटरीला करंट दिला की ती जळते. डोकं लावायची गरज नसते.

ही भिलाईतली गोष्ट, पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची. मरोद्याजवळ कारखान्याच्या पाण्यासाठी मोठा तलाव खोदणं सुरू होतं. काम एका ठेकेदार कंपनीकडं होतं आणि मी त्या कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन होतो. मूळचा साकोलीकडचा, धानाच्या शेतीतला. पुढं कारखान्यात लागलो, तिथूनच रिटायर झालो, आता नेहरू नगरला राहतो. पण माझ्या सगळ्या नोकरीत डोक्यातून न गेलेलं मशीन म्हणजे ही थोरली.

थोरली डिझेल-इलेक्ट्रिक शॉवेल होती, माती खोदून उचलणारी. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण बाकी मशीनी तिच्यापुढं लेकरं दिसायची. कुठल्याशा धरणाच्या कामावर जन्म काढून, तुकडे होऊन, मालगाडीनं ती आमच्याकडं आली होती. डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे काय, तर इंजिन चाकं फिरवत नाही. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज देतो आणि त्या विजेवर निरनिराळ्या मोटरी चालतात. एक बकेट उचलते, एक बकेट मातीत घुसवते, एक वरचं अख्खं घर, म्हणजे ऑपरेटर बसतो तो भाग, गोल फिरवते. चौथी चेनपट्टे चालवते, म्हणजे मशीनला जागेवरून हलवते. तीच प्रोपेल मोटर. ती सगळ्यात खाली, दोन पट्ट्यांच्या मधात असते.

कालव्याच्या बाजूची कच्ची पाळ फुटली आणि खड्ड्यात कंबरभर पाणी शिरलं. इंजिन, जनरेटर वर होते, ते वाचले. प्रोपेल मोटर बुडाली. पंप लावून पाणी काढलं, पण थोरलीची हालत लकवा झालेल्या माणसासारखी. हात चालतात, पाय नाही.

तेवढ्यात चोपडा साहेब आले. साइट इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, फक्त झोप न झालेला.

"कापगते, कितना टाइम?"

"सुखाना पडेगा, साहब. आठ दिन तो लगेंगे."

"आठवें दिन कॅनल का गेट खुलेगा. ऊपर से तारीख आ गयी है. फर्नेस को पानी चाहिए, फर्नेस तुम्हारी मोटर का इंतजार नहीं करेगा."

"और मशीन अंदर रही तो?"

साहेबांनी थोरलीकडं पाहिलं. "तो अंदर रहेगी," म्हणाले.

गजभिये खाली उतरून माझ्याजवळ उभा होता. त्याला वेगळं समजवायची गरज नव्हती. कंपनीनं त्याला थोरलीवर घेतलं होतं. थोरली आहे तोवर ऑपरेटरची जागा आहे, ती गेली की जागाही गेली. रशियन नव्या मशीनी येत होत्या, पण त्यांच्यासाठी मॅट्रिक झालेला माणूस लागायचा. सुखदेव गजभिये तिसरी शिकलेला. आधी नागपूरला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता, ते सोडून इथं आला.

आणि गोष्ट फक्त पोटाची नव्हती. त्यानं नुकतीच नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावात त्याच्या बापाला कधी कोणी आडनावानं हाक मारली नव्हती, "ए सोम्या" याच्या पुढं काही नाही. इथं साइटच्या भोंग्यावरून पुकारा व्हायचा, "गजभिये ऑपरेटर, शॉवेल पे आइये." आइये! हे त्यानं मला स्वतः सांगितलं होतं, डबा खाता खाता. सांगून हसला होता.

"भाऊ, सुकते ना मोटर?" त्यानं विचारलं.

"सुकते. पण घाई केली तर जळते."

"तुमी म्हणान तसं करू जी. पण सुकवा."

आम्ही सुकवायला लागलो. मोटर खाली उतरवायला जागा नव्हती, म्हणून जागेवरच. भोवती ताडपत्री बांधली. आत मोठे बल्ब लावले, कोळशाच्या सिगड्या ठेवल्या. सिगडी जवळ गेली तर आवरण करपतं, दूर राहिली तर ओल हटत नाही. हात लावून पाहायचं. हाताला सोसवेल इतकंच गरम. गजभियेची बायको, सुमनवहिनी, दुपारी भाकरी घेऊन यायची आणि त्या ताडपत्रीकडं बघत म्हणायची, "बाळंतिणीची खोली केली का जी, भाऊजी?"

तिसऱ्या दिवशी काटा जरासा हलला. मग रोज थोडा थोडा वर. मी कोणाला काही बोललो नाही. बोललं की साहेब म्हणणार, चालवा.

इकडं गजभिये वेगळ्याच काळजीत होता. मी मोटर पाहत होतो, तो रस्ता पाहत होता. खड्ड्यातून वर यायचा एकच उतार होता, मातीचा. पाण्यानं तो फुगला होता. गजभियेनं त्यात सब्बल, म्हणजे पहार मारली. हातभर आत गेली, जोर न लावता.

"भाऊ, हे कन्हार आहे, काळी चिकण माती. मुरूम टाकल्याबिगर हे थोरलीले घेत नाही."

मी त्याला घेऊन साहेबांकडं गेलो.

"मुरुम कल मिलेगा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. "कल."

मुरूम भरपूर होता. डंपर नव्हते. दिल्लीहून मोठी मंडळी पाहणीला येणार होती. स्टेशनपासून आतपर्यंतचा रस्ता नीट करायचा म्हणून सगळे डंपर तिकडं लावले होते. तिसऱ्या वेळी साहेबांनी आमच्यासमोर फोन लावला. इंग्रजीत बोलले, मग हिंदीत, मग नुसतं "यस सर, यस सर". फोन ठेवून म्हणाले, "स्लीपर ले लो, रेल्वे के. जितने मिले."

स्लीपर, म्हणजे रुळांखालचे लाकडी ओंडके मिळाले, पण अर्ध्या उतारापुरते. ठरलं असं, की थोरली स्लीपरवर चढवायची, मागचे मोकळे झालेले स्लीपर उचलून पुढं टाकायचे आणि परत चढवायची. कागदावर हे सोपं होतं.

सातव्या दिवशी सकाळी मी मेगर फिरवला. काटा जिथं पाहिजे तिथं गेला. मी ताडपत्री सोडली आणि गजभियेला हात दाखवला. त्यानं इंजिन सुरू केलं. इंजिन गरम झाल्यावर प्रोपेलचा लिव्हर इतका हळू ओढला, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावरून गोधडी ओढावी. थोरली हलली. खड्ड्यातले सगळे ओरडले. मी ओरडलो नाही. कान मोटरीकडं होता. आवाज साफ होता.

अर्धा उतार ती चढली. स्लीपर वाजत होते, दबत होते, पण धरून होते. मग थांबवून मागचे स्लीपर पुढं आणायला घेतले. ते निघेनात. थोरलीच्या वजनानं मातीत रुतले होते. सब्बली लावल्या, दोर लावले. थोडे निघाले, बाकीचे नाही. आणि आम्ही हे करत असतानाच उजव्या पट्ट्याखालचा काठ बसायला लागला. मोठा आवाज झाला नाही. चुलीवरच्या भातात डाव रुतावा तसा पट्टा खाली गेला.

गजभियेनं लगेच बकेट पुढं नेऊन उतारात दात रोवले. हीच रीत आहे. मशीन घसरायला लागली तर बकेट जमिनीत रोवायची आणि तिच्या जोरावर स्वतःला ओढून घ्यायचं. थोरली थांबली. वर दोन बुलडोझर उभे होते, त्यांचे दोर तिला बांधले. सगळ्यांनी एकदम जोर लावला. ती थोडी वर आली. मग एक दोर तुटला. सपकन हवेत गेला आणि कोणाला लागला नाही, एवढंच त्या दिवसाचं नशीब. बकेटच्या दातांनी उताराचा मोठा तुकडा उपटून घेतला आणि थोरली तिरपी होऊन मागं सरकत खाली गेली. डाव्या पट्ट्याची पिन तुटली. पट्टा चाकावरून उतरून चिखलात लांब पडला.

मी धावत वर चढलो. गजभिये सीटवरच होता, हात लिव्हरवर.

"उतर," मी म्हटलं.

"मोटर चालू आहे ना भाऊ?"

"चालू आहे."

"जळली नाही ना?"

"नाही. मोटर चांगली आहे."

"मंग कावून उतरू?"

पट्टा उतरला हे त्यालाही दिसत होतं. मी हात लांबवून इंजिन बंद केलं. तो माझ्या हाताकडं पाहत राहिला. मग उतरला.

साहेब म्हणाले, जे निघेल ते काढून घ्या. जनरेटर निघणार नव्हता, क्रेन त्या चिखलात येत नव्हती. आम्ही बॅटऱ्या काढल्या, मीटर काढले, कंट्रोल पॅनल काढलं. प्रोपेल मोटरीपर्यंत हातच पोचत नव्हता, मशीन कलून तिचं पोट चिखलात रुतलं होतं. आठवडाभर लेकरासारखी शेकलेली मोटर तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला आणि गेट उघडलं. मला वाटलं होतं पाणी धडधडत येईल. तसं नाही. पाणी नुसतं पसरत आलं, सारवण केल्यासारखं. पेढे वाटले. गजभियेच्या हातावरही कोणीतरी पेढा ठेवला. तो तसाच हातात धरून उभा. पाणी पट्ट्याला लागलं, मग पट्टा दिसेना.

मग रोजच तो पाळीवर जाऊन बसायला लागला. सुमनवहिनी माझ्याकडं आल्या. "भाऊजी, यायले समजवा ना जी. दिवसभर पाणी पाहतात. घरात लेकरं आहेत. पाणी पाहून काय होते?"

मी समजवलं. तो "हो जी" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी परत पाळीवर. थोरलीचं बूम, म्हणजे वरचा लांब हात, तेवढं पाण्याच्या वर राहिलं होतं. त्याच्यावर बगळे बसायचे.

कंपनीनं त्याचा हिशोब करून त्याला काढलं. मी त्याला कारखान्याच्या भरतीच्या ऑफिसात नेलं. "मॅट्रिक?" नाही. "सर्टिफिकेट?" नाही. मी सांगितलं की यानं एवढी मोठी शॉवेल चालवली आहे. बाबू म्हणाला, "कौन सी शॉवेल?" मी तलावाकडं बोट दाखवलं. बाबू हसला. गजभिये हसला नाही. अहिवाऱ्याकडं चुनखडीच्या खाणीत विचारलं, तिथं दगड फोडायला ये म्हणाले. चोपडा साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "मेरा खुद का ट्रान्सफर हो गया है, कापगते." खरंच झालं होतं. मला मात्र कारखान्यात जागा मिळाली. माझ्याकडं सर्टिफिकेट होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव उतरला आणि थोरली बाहेर आली, शेवाळलेली, तांबडी. कंपनीनं ती भंगारवाल्याला विकली. भंगारवाल्याला जाणता माणूस पाहिजे होता. बूम कुठं टांगलंय, कोणता दोर आधी तोडला तर ते माणसांच्या अंगावर येईल, हे सांगणारा. तो विचारत विचारत माझ्याकडं आला. गजभिये तेव्हा हमाली करत होता. मी नाव सांगितलं.

काम संपेपर्यंत मी तिकडं गेलो नाही. शेवटच्या दिवशी गेलो. बूम पडलं होतं, घर कापून झालं होतं, माणसं लोखंड ट्रकवर चढवत होती. गजभिये प्रोपेल मोटर उघडून बसला होता. बोटानं तारांवरचा गाळ काढत होता.

"आता खरंच गेली भाऊ," तो म्हणाला. "सगळी भिजली."

मी त्याच्याजवळ बसलो. मी त्याला मिळवून दिलेलं काम हे एवढंच होतं. त्यानंतर तो बायको-लेकरांना घेऊन गेला. कामठीला गेला असं कोणी सांगितलं, कोणी सांगितलं कोळशाच्या खाणीत. मी दोनदा कामठीला विचारपूस केली. कोणाला माहीत नव्हतं.

पुढं कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. त्यांना मी सांगायचो, मोठी मशीन खड्ड्यात उतरवायच्या आधी ती बाहेर कुठून निघणार ते ठरवा, आणि तो रस्ता मुरमाचा ठेवा. आणि त्या मशीनवर कोणाची नोकरी असेल तर तो माणूस कुठून निघणार, तेही ठरवा. पोरं पहिली गोष्ट लिहून घ्यायची. दुसरी कोणी लिहून घेतली नाही. ती परीक्षेत येत नव्हती.