बत्तीस वर्षांनी दुरुस्त केलेला अहवाल

माझे मामा, वसंत कस्तुरे, अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली. मामी गेल्यापासून ते अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्यांत एकटेच राहतात. नोकरीत नाव काढावं असं त्यांनी काही केलं नाही, असं ते स्वतःच सांगतात. एक गुण मात्र होता. कोणाचंही अक्षर त्यांना वाचता यायचं. तलाठ्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी असोत की डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मा कपाळावर सरकवून ते कागद नाकाशी धरत आणि घडाघडा वाचून दाखवत.

मी अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इराणातल्या एका वाळवंटी प्रांतात ब्रिटिशांची वकिलात होती, तिथल्या कागदांवर माझं काम चालू आहे. तिथला कॉन्सल दर महिन्याला तेहरानला अहवाल पाठवायचा, आणि त्याची एक प्रत दिल्लीला यायची. सुभेदार बदलला, गव्हाचा भाव चढला, रस्त्यावर काफिला लुटला गेला, गालिचे विणणारे माग बंद पडले, अशा स्थानिक घडामोडी त्यात असत. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बारीक वाचायला मनाई केली. कच्चे खर्डे सगळे हाती लिहिलेले, शाई उडालेली. मी मामांना फोन केला.

"इंग्रजी आहे ना? मग पाठव," ते म्हणाले.

मी मोठ्या आकारात प्रती काढून पाठवल्या. मामा रोज दहा-बारा पानं वहीत सुवाच्य उतरवून काढू लागले आणि संध्याकाळी फोनवर शेरे सांगू लागले.

"अनू, हा तुझा कॉन्सल मार्चमध्ये गावात नव्हता बरं का. हे सगळं त्याच्या मुनशीनं सांगितलेलं आहे."

"कशावरून?"

"एकाही वाक्यात वेळ नाही. जागेवर असलेला माणूस वेळ लिहितो. आणि कदखुदा कदखुदा जे लिहिलंय ना, तो गावचा पाटील असणार. सगळ्या तक्रारी त्याच्याकडूनच येताहेत, म्हणजे त्याच्याविरुद्धची एकही येत नसणार."

मी हे कागद सहा वर्षं वाचत होते. मला हे सुचलं नव्हतं.

मग एका आठवड्यात त्यांचा फोन आला नाही. मी केला तर "जरा बरं नाही" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. रविवारी मी एसटीने अकोल्याला गेले. मामा खुर्चीत बसले होते, ताप वगैरे काही नव्हता. वही मिटलेली होती.

"हे वाच," ते म्हणाले. "नको, तुला त्रास होईल. मीच वाचतो."

त्यांनी मला एक नोंद मराठीत सांगितली. चौदा तारखेला खालच्या वर्गातल्या काही बायकांनी रोटीच्या टंचाईबद्दल सुभेदाराच्या वाड्यापुढे गलका केला. समजूत घातल्यावर त्या शांतपणे पांगल्या. परिस्थिती सामान्य.

मग त्यांनी दुसरा कागद काढला. वकिलातीच्या दवाखान्यात एक हिंदुस्थानी डॉक्टर होता, त्याची महिन्याची रुग्णयादी. ही यादी माझ्याकडे होती, पण मी ती कधी नीट पाहिली नव्हती. पंधरा तारखेपुढे सात बायका. पाचजणींच्या डोक्याला जखमा, एकीचं मनगट मोडलेलं, एकीचा खांदा निखळलेला.

"शांतपणे पांगल्या," मामा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मामा, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. शंभर वर्षं झाली."

"मी लिहिलंय हे वाक्य," ते म्हणाले. "अगदी हेच. ब्याण्णव सालच्या मे महिन्यात."

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. कचेरीपासून दोन कोसांवरच्या गावात तीन हापशांपैकी एकाही हापशाला पाणी नव्हतं. बायका रिकामे हंडे घेऊन चालत कचेरीवर आल्या. साहेब दौऱ्यावर गेलेले. फाटक बंद केलं, बायका हलेनात, आणि दुपारी पोलीस शिपायांनी काठ्या चालवल्या. मामा खिडकीशी उभे होते. पुढच्या एका बाईने डोकं वाचवायला हात वर केला, तो हात मोडलेला त्यांनी पाहिला. संध्याकाळी साहेब आले आणि म्हणाले, कस्तुरे, अहवाल करा, थोडक्यात. मामांनी केला. सुमारे वीस महिलांनी पाण्याबाबत निवेदन दिले. समजूत घातल्यावर त्या शांततेत परतल्या. परिस्थिती सामान्य.

"कोणी माझ्यावर दडपण आणलं नाही, अनू. साहेब 'थोडक्यात' एवढंच म्हणाले होते. बाकीचं मला आपोआप आलं. अक्षरही सुंदर काढलं होतं."

त्या बाईचं नाव मैनाबाई होतं, एवढं त्यांच्या लक्षात होतं. पुढचे दोन महिने ते तिला शोधत होते. त्या गावच्या जुन्या कोतवालाकडून कळलं की ती आता मोर्शीला, कौशल्या नावाच्या लेकीकडे असते. मामांनी मला सोबत चल म्हणून सांगितलं. एकट्याने जायला त्यांना धीर होत नव्हता.

कौशल्याचं घर गावाबाहेर, संत्र्याच्या बागेला लागून होतं. मैनाबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास, आवाज खणखणीत. मामांनी नाव सांगितलं, कचेरी सांगितली, साल सांगितलं.

"तुमी कोनते? काठीवाले?"

"नाही. मी आत होतो. खिडकीत."

"मंग तुमाले सारं दिसलं असन."

"दिसलं."

मामांनी तो जुना अहवाल त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला. कौशल्या हातातलं काम सोडून दारात येऊन उभी राहिली. मैनाबाईंनी उजवा हात पुढे केला. तो मनगटापाशी पुरता वळत नव्हता.

"आन तवा काहून नाई लेयलं हे?"

मामांनी पिशवीतून वही काढली. मग म्हणाले, "भ्यालोही नव्हतो. नुसतं लिहिलं नाही. आता लिहायला आलोय. तुम्ही सांगाल तसं."

मैनाबाईंनी त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "कौशे, च्या ठेव."

त्या सांगत गेल्या आणि मामा मांडीवर वही घेऊन लिहीत गेले.

"वीस नाई, एकशे चाळीस होतो आमी. घरटी एक बाई निंगाली होती. सर्वात म्होरं जयवंता, तिले सातवा मयना होता, तरी आयकली नाई. लेहा तिचं नाव."

"लिहिलं."

"माह्या हाताचं एकडाव लेहा, दोनदा नोका लेहू. आन चवथ्या दिवशी टँकर आला, ते लेहा. आमी तिथं बसलो मनून आला. आमच्या गावात पयल्या खेपेले टँकर आला तो."

मामांनी मान वर केली. "टँकर आमच्याच कचेरीतून सुटला होता. पण कशामुळे, हे कुठेच लिहिलेलं नाही."

"मंग तेच तं लेहा मनून राहिली मी. तुमी माराचंच धरून बसले, भाऊ."

लिहून झाल्यावर मामांनी सगळं वाचून दाखवलं. मैनाबाईंनी चार ठिकाणी दुरुस्त्या केल्या. अंगठ्यासाठी मामांनी शाईचा पॅड आणला होता, तो पाहून त्या हसल्या. "सही येते मले. साक्षरतेच्या वर्गात शिकली." वाकड्या मनगटाने त्यांनी सावकाश सही केली. खाली मामांनी आपली सही केली, हुद्दा लिहिला आणि पुढे 'निवृत्त' असं जोडलं.

परतीच्या बसमध्ये मामा झोपून गेले.

त्या अहवालाची एक प्रत मामांनी कचेरीला पाठवली. महिन्याने उत्तर आलं की त्या सालची ती नस्ती मुदत संपल्याने नष्ट करण्यात आली आहे, सबब आपले पत्र दप्तरी दाखल. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दाखल तर झालं ना."

इराणचं काम त्यांनी पुन्हा हाती घेतलं आणि दिवाळीपर्यंत संपवलं. कॉन्सलची नोंद आणि डॉक्टरांची यादी माझ्या पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर छापायची, असं आमचं ठरलं आहे. त्या सातजणींपैकी दोघींचीच नावं वाचता येतात. बाकीच्या पाच नावांवर पाणी पडून शाई पसरली आहे. मामांनी भिंग घेऊन तीन दिवस घालवले, तरी त्यांना ती लागली नाहीत.

मागच्या आठवड्यात मैनाबाईंची नात प्रतीक्षा हिचा मामांना फोन आला. आजीने विचारलंय, मोर्चातल्या अजून सहाजणींचा पत्ता लागलाय, दोघी हिवरखेडला असतात, त्यांचंही लिहून घ्याल का? मामा गुरुवारी हिवरखेडला जाताहेत. मी येऊ का विचारलं, तर म्हणाले, "कशाला? मी जाईन एकटा."