मीठ मागणाऱ्या हारालांबची फिल्म

वेतुरिया हांगानू आमच्या फल्तिचेनीच्या विणकाम कारखान्यात स्वेटरवरच्या नक्ष्या काढायची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत दिवसभर मान खाली. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, फार हळू बोलणारी. तिच्यात विनोद आहे हे कोणाला माहीतच नव्हतं.

कारखान्याचा एक हौशी फिल्म क्लब होता. वर्षाला एक छोटी फिल्म काढायची आणि सुचावाला जिल्ह्याच्या स्पर्धेत पाठवायची. मी मशीन दुरुस्त करणारा, म्हणून कॅमेराही माझ्याच गळ्यात. चौऱ्याऐंशी साली क्लबप्रमुख इंजिनियर उर्साकी म्हणाले, "यंदा हसवणारं काहीतरी काढू या. सुताच्या रिळांवरच्या फिल्मा बघून माणसं झोपतात." सगळ्यांनी माना हलवल्या, आणि वेतुरियाने हळूच हात वर केला. "माझ्याकडे एक माणूस आहे," ती म्हणाली.

हा माणूस म्हणजे हारालांब. एका चार मजली इमारतीत राहणारा म्हातारा. रोज एकेका दारावर जातो, वाटीभर मीठ मागतो, आणि मग दारातच उभा राहतो. जात नाही. "काय मग, घरी काय चाललंय?" एवढंच विचारत राहतो. शेजारी कंटाळतात. तो घंटी वाजवायच्या आत मिठाची वाटी पुढे करून दार लावून घेऊ लागतात. शेवटी त्याच्या घरात मिठाची पोती रचलेली दिसतात आणि सगळी इमारत हसते.

तिने संहितेच्या पाच प्रती टाइप केल्या. दुपारच्या पाळीनंतर वाचनाला आम्ही बाराजण जमलो. पहिली दोन पानं लोक खो खो हसले. मग तिने ते वाक्य वाचलं, "काय मग, घरी काय चाललंय?" आणि हसू बंद झालं. एकजण बूट बघू लागला, दुसरी पर्स उघडून उगाच शोधाशोध करू लागली.

कारण हे वाक्य आमच्या गोदामाच्या सोफ्रोनीचं होतं. नेआ सोफ्रोनी, म्हणजे सोफ्रोनीकाका, प्रत्येक विभागात काडी मागायला यायचा, सिगरेट सावकाश पेटवायचा आणि नेमकं हेच विचारायचा. गेल्या वर्षी रंगखात्यातल्या दोघांना वरच्या ऑफिसात, गुप्त पोलिसांपुढे, बोलावणं आलं. एक परत आला, तो कोणाशी बोलेनासा झाला. दुसरा परत आलाच नाही. खबर कोणी पोहोचवली हे सगळे धरून चालले होते, पण सोफ्रोनीचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

उर्साकींनी प्रती गोळा केल्या. चारच भरल्या. "पाचवी कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी रिकामे हात दाखवले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कम्युनिस्ट राजवटीत प्रत्येक टाइपरायटरच्या अक्षरांचे नमुने पोलिसांकडे दिलेले असत. कागद कुठून निघाला हे शोधायला त्यांना अर्धा तासही लागला नसता.

घरी जाताना मी म्हणालो, "वेतुरिया, वेड लागलंय का तुला? त्याच्यावर लिहिलंस?"

"कोणावर?" ती थांबली. मी कानाजवळ नाव सांगितलं. तिने खांबाला हात टेकला. "लारी, शपथेवर सांगते, ते माझे वडील आहेत रे. आई गेल्यावर मीठ मागत फिरायचे. घरात तीन डबे भरलेले. त्यांना बोलायला माणूस हवं होतं. मी इथे होते, ते तिकडे गावी."

"हे तू कोणाला सांगणार? आणि कोण ऐकणार?"

पुढचे पाच दिवस तिने काढले कसे, तीच जाणे. कच्चे कागद चुलीत जाळले. दुपारी एकटी बसू नये म्हणून मला डबा घेऊन तिच्या खोलीत यायला लावायची. जिन्यावर पावलं वाजली की पेन्सिल थांबायची. मुलांच्या स्वेटरवर तिने पाच पायांची हरणं काढली, आणि तेही मीच दाखवल्यावर तिच्या लक्षात आलं.

सहाव्या दिवशी आम्ही घेवड्याचं सूप खात असताना दार उघडलं. नेआ सोफ्रोनी. हातात गुंडाळलेली पाचवी प्रत. काडी मागितली नाही.

"वेतुरियाबाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो." तिने चमचा खाली ठेवला.

"कोणावरून?"

"माझ्या वडिलांवरून, नेआ सोफ्रोनी."

त्याने प्रत उलगडून शेवटचं पान काढलं. मग म्हणाला, "शेवट बरोबर नाही. सगळे हसतात आणि संपतं. त्या माणसाला एकदा तरी कोणी 'बसा' म्हणायला नको?"

"लिहिते," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"लिहा." प्रत खिशात घालून तो निघून गेला.

हा सापळा होता की हुकूम, की आणखी काही, आम्हाला कळेना. पण तिने शेवट बदलला. तिसऱ्या मजल्यावरची बाई मिठाची वाटी देत नाही, खुर्ची पुढे ओढते. हारालांबला बसायचं कसं हेच सुचत नाही. तो काठावर टेकतो, वाटी मांडीवर. "मी वडिलांना असं कधी म्हटलं नाही," ती मला म्हणाली. लिहिताना ती रडली असावी, कागद ओलसर होता.

फिल्म अकरा मिनिटांची झाली. कारखान्याच्या सभागृहात दाखवली तेव्हा तीनशे माणसं होती आणि सोफ्रोनी दुसऱ्या रांगेत. पडद्यावर हारालांबने पहिली घंटी वाजवली. कोणी हसलं नाही. दुसरी, तिसरी. प्रोजेक्टरची घरघर तेवढी. सगळे पडद्याकडे कमी आणि दुसऱ्या रांगेकडे जास्त बघत होते. माझ्या शेजारी वेतुरियाने माझं मनगट इतकं दाबलं की नखं रुतली.

मग सोफ्रोनी हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, खांदे हलवत. त्याच्यामागून सभागृह फुटलं. लोक डोळे पुसत हसत होते आणि त्या हसण्यात सुटका होती. शेवटच्या दृश्यात मात्र सगळे पुन्हा गप्प झाले. दिवे लागले तेव्हा सोफ्रोनीची खुर्ची रिकामी होती.

सुचावात आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. वेतुरियाला कोणी वर बोलावलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. पण बोलावलं नाही म्हणून भीती गेली नाही. वसंतात तिने क्लब सोडला आणि बोतोशानीला बदली मागून घेतली. मी म्हटलं, पुढची लिही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी तो हसला नाही तर?"

दर नवीन वर्षाला तिचं कार्ड यायचं. बर्फातलं चर्च आणि खाली एक ओळ: आरोग्य लाभो, वेतुरिया. टपालात दुसऱ्या कोणी वाचलं तरी चालेल, एवढंच. राजवट गेली, गोदाम गेलं, सोफ्रोनीही गेला. कार्डं बरीच वर्षं येत राहिली. त्या एका ओळीत तिने एकही शब्द कधी वाढवला नाही.